आमच्या सर्व्हरनं काय बोलावं

मेल सर्व्हरला बोलावं लागतं, हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. माझी आपली साधी समजूत, की पत्र येतं, पेटीत पडतं, संपलं. पेटी कधी बोलते का? पण नाही. एका सर्व्हरला दुसऱ्याकडे पत्र टाकायचं असलं, की तो आधी दारात उभा राहून नमस्कार करतो आणि आपलं नाव सांगतो. मग आतल्यानं उलट नमस्कार करायचा आणि आपल्याला काय काय येतं ते एकेक ओळीत सांगून टाकायचं. एवढ्या आकारापर्यंतचं पत्र घेईन. देवनागरी मजकूर आहे तसा घेईन. हवं तर इथून पुढचं बोलणं कुलूपबंद करू, म्हणजे वाटेत कुणी कान लावून बसला असला तरी त्याला काही कळणार नाही. हे ऐकून पाहुणा ठरवतो कसं बोलायचं ते, आणि मगच पत्र हातात देतो.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. जगात कुणाला त्याची फिकीर नसते. आमच्या इमारतीत मात्र त्यावरून सभा भरल्या, ठराव झाले, आणि एका माणसानं राजीनामा देऊन तो परत घेतला. तो माणूस मीच.

सुरुवात झाली ती पाण्याच्या टाकीवरून. टाकी धुणार असल्याची सूचना रहिवासी संघाच्या मेलवरून सगळ्यांना जायची होती, पण त्या मेलचा पासवर्ड फक्त जुन्या चिटणीसांना माहीत होता आणि ते घर विकून दुसऱ्या गावी गेले होते. फोन केला तर म्हणाले, "पासवर्ड ना? होता खरा." सूचना गेली नाही. अर्धी इमारत अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभी राहिली. त्या संध्याकाळच्या सभेत जो तो दुसऱ्यावर खेकसत होता, आणि मी, कुणी विचारलं नसताना, उभा राहून म्हणालो, "एवढं काय त्यात? आपण आपलाच सर्व्हर टाकू."

मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे काटे खरे आहेत की खोटे ते तपासणं हे माझं काम. त्यामुळे माझ्या शब्दाला इमारतीत थोडं वजन आहे, असं मला वाटतं. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, आपल्या दाराची बेल वर्षभर वाजत नाहीये, ती आधी बघाल का?" मोठ्या कामाच्या वेळी असं बोलणारं कुणीतरी घरात असतंच. मी दुर्लक्ष केलं.

एक जुना संगणक मिळवला, मीटरच्या खोलीत फळी ठोकून त्यावर ठेवला, पुस्तकं वाचली, चुकलो, पुन्हा वाचली, आणि एके दिवशी तो सुरू झाला हो! तेव्हा पहिलं खातं मी सासरेबुवांचं काढलं.

सासरेबुवा आमच्याकडेच राहतात. भूगोलाचे मास्तर होते. माणूस अबोल, आपल्यामुळे कुणाला त्रास नको या काळजीत सदैव. त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, जहाजावर डॉक्टर आहे. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. महिनोन्‌महिने ती पाण्यावर असते आणि तिथून बापाला लांबलचक पत्रं लिहिते. फोन फक्त बंदराला लागल्यावर. सासरेबुवांच्या खोलीत एक जाडजूड नकाशांचं पुस्तक कायम उघडं असतं आणि त्यातल्या निळ्या पानावर शर्टाचं एक बटण ठेवलेलं असतं. ते बटण म्हणजे धाकटीचं जहाज. पत्र आलं, की सासरेबुवा ते दोनदा वाचतात, नकाशात बोट फिरवतात आणि बटण पुढे सरकवतात. त्यांच्या दिवसात याहून मोठं काही घडत नाही, आणि त्यांना ते हवंही नसतं.

अशा माणसाला मी म्हणालो, "बाबा, ते परक्यांचं खातं आता बंद करा. आपल्या घरचा सर्व्हर आहे."

"तुम्ही म्हणता तर करू," ते म्हणाले. नवीन पत्ता धाकटीला कळवला. पहिलं पत्र अगदी व्यवस्थित आलं. बटण सरकलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इथे थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण माणसाला केलेलं काम दाखवायची हौस असते. मी कार्यकारिणीला मीटरच्या खोलीत बोलावलं आणि दोन सर्व्हरांचं बोलणं पडद्यावर दाखवलं.

कार्यकारिणीत माझ्याशिवाय तिघं. तळमजल्याचे दंतवैद्य, आमच्या डोक्यावर राहणाऱ्या संगीतशिक्षिका, आणि अध्यक्ष. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा उभा जन्म तिजोरीच्या खोलीत गेलेला, त्यामुळे ते अजूनही बोलताना आधी मागे वळून बघतात.

दंतवैद्यांनी पडदा वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे रोज एवढे सर्व्हर येणार, आपलं ऐकून जाणार, आणि आपण त्यांना फक्त पत्राचा आकार सांगायचा? त्यात माझ्या दवाखान्याची वेळ टाका."

"अहो डॉक्टर, ऐकणारं यंत्र असतं. यंत्राला दात नसतात."

"यंत्राच्या मालकाला असतात ना?"

संगीतशिक्षिका म्हणाल्या, "मला विचाराल तर सगळं फार कोरडं वाटतंय. पाहुणा दारात आलाय आणि हा पठ्ठ्या नुसता पाढे म्हणतोय. दोन गोड शब्द तरी घाला." मी समजावलं, की या बोलण्याचे नियम जगानं मिळून ठरवलेत, त्यात गोड शब्दांना जागा नाही. पण नमस्काराच्या पहिल्या ओळीत नावापुढे थोडी मोकळी जागा असते, हे माझ्या तोंडून निसटलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून आमचा सर्व्हर प्रत्येक पाहुण्याला संघाचं संपूर्ण नोंदणीकृत नाव, आपलं सहर्ष स्वागत, आणि दाढ काढण्याची वेळ, असं सगळं एका दमात सांगू लागला.

आठवडाभरात निम्मे सर्व्हर आमच्याशी बोलेनासे झाले. जगात एक कार्यालय आहे, ते जाहिराती पाठवून लोकांना पीडणाऱ्या सर्व्हरांवर पाळत ठेवतं. त्यांनी आम्हाला त्या टोळीत घातलं. मी खुलासा पाठवला. त्यांचं उत्तर आलं: आपल्या संस्थेचा मुख्य व्यवसाय दंतवैद्यक आहे काय? मी लिहिलं, नाही. त्यांनी विचारलं, मग दातांचा उल्लेख का? इंटरनेट कंपनीला फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या दातांच्या तक्रारीसाठी हा विभाग नाहीये." मी, ज्याच्या शिक्क्याशिवाय बाजारात एक काटा हलत नाही, तो मी तासभर फोनवर सनई ऐकत बसलो आणि शेवटी एका अनोळखी माणसाला लेखी वचन दिलं, की यापुढे आमचा सर्व्हर कुणाच्या दातांविषयी बोलणार नाही. तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

मग पुन्हा सभा. आता अध्यक्षांची पाळी होती. ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून बघतोय. हा तुमचा सर्व्हर फार बोलतो. कुणीही यावं, हाक मारावी, की हा घरातलं सगळं सांगून मोकळा. आकार सांगतो, हे सांगतो, ते सांगतो. आणि वर सांगतो काय, तर आमच्याकडे कुलूप आहे! अहो, कुलूप आहे असं ज्या दारावर लिहिलेलं असतं, चोर त्याच दाराशी येतो. उघडंच सांगताय, की आत काहीतरी आहे."

"पण साहेब, कुलूप आहे हे सांगितलं नाही तर ते कुणी लावायला कसं सांगेल?"

"ज्याला लावायचं असेल तो विचारेल. आपण होऊन सांगू नये. सभ्य माणसानं आपल्याला काय काय येतं ते सांगत सुटू नये."

संगीतशिक्षिकांना हे एकदम पटलं. दंतवैद्य आधीच चिडलेले होते, त्यांनी लगेच हात वर केला. आता खरं सांगायचं तर मी विरोध करायला हवा होता. पण दातांच्या प्रकरणानंतर माझा आवाज बसला होता. ठराव झाला: सर्व्हरने फक्त आपले नाव सांगावे व इतर बाबतीत मौन पाळावे. मी एकेक ओळ बंद केली. कुलपाची यंत्रणा आत ठणठणीत होती, उत्तम चालत होती, फक्त तिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं.

आणि गंमत म्हणजे सगळं सुरळीत चालू राहिलं. विजेची बिलं येत होती, बँकेच्या सूचना येत होत्या, दंतवैद्यांना चिमट्यांच्या जाहिराती येत होत्या. मला वाटलं, अध्यक्षांचं बरोबर होतं. फक्त धाकटीची पत्रं येईनाशी झाली.

सुरुवातीला सासरेबुवा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात येत आणि विचारत, "आज काही नाही ना?" विचारायची पद्धतही अशी, की नाही म्हणायला मला सोपं जावं. मी म्हणे, "समुद्र आहे बाबा, उपग्रहाचं काही खरं नसतं." ते म्हणत, "हो, हो, समुद्र आहे." आणि परत जात. बटण एका जागी बसून राहिलं. बायकोनं एकदा खोली झाडताना पुस्तक हलवलं आणि जहाज थेट डोंगरावर चढलं, तर सासरेबुवांनी ते फुंकर मारून पुसलं आणि अलगद पाण्यात ठेवलं.

"अहो, बाबांचं जुनं खातं पुन्हा उघडून द्या," बायको म्हणाली. "तुमच्या सर्व्हरचं काहीतरी बिनसलंय."

"सर्व्हरचं काही बिनसलेलं नाही. बाकीची पत्रं कशी येतायत?"

"मला बाकीच्या पत्रांचं कौतुक नाही. माझा बाप शर्टाला इस्त्री करून बसतो रोज."

मी सासरेबुवांना विचारलं, जुनं खातं उघडू का. ते घाईघाईनं म्हणाले, "छे छे, कशाला? घरचं असताना परक्याकडे कशाला जायचं?" यातलं प्रेम मला तेव्हा कळलं नाही. मला तो माझ्या बाजूनं पडलेला कौल वाटला.

त्यातच महासभा झाली. सगळी इमारत हजर. दातांच्या प्रकरणात कुणाचं पत्र उशिरा आलं होतं, कुणाचं आलंच नव्हतं, दंतवैद्यांचा तर एकही रोगी वाढला नव्हता. एकेक जण उठून बोलू लागला. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्यांचे काटे तपासतात, यांना कोण तपासणार?" सगळे हसले. हसण्याला माझी हरकत नाही, पण संगीतशिक्षिकाही तोंडाला पदर लावून हसल्या, ते लागलं. मी तिथल्या तिथे राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, "मग सर्व्हर कोण बघणार?" एकही हात वर झाला नाही आणि मला राजीनामा परत घ्यावा लागला. मान राखून राजीनामा देणं जमतं, पण मान राखून तो परत घेणं फार अवघड असतं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो, कुणाशी न बोलता जेवलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. आणि दुसऱ्या सकाळपासून सासरेबुवा दारात यायचे बंद झाले. "आज काही नाही ना" सुद्धा नाही. इस्त्रीचा शर्टही नाही. त्यांनी आशा सोडली, असं मला वाटलं. लोकांचं हसणं मी विसरलो असतो. हे विसरता येईना.

रविवारी दुपारी मी मीटरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सर्व्हरकडे कोण आलं, कोण गेलं, याची नोंद पडद्यावर वाचता येते. वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. जहाज कंपनीचा सर्व्हर! आला होता की! एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला होता. दरवेळी दारात उभा राहून नमस्कार करायचा, नाव सांगायचा, आमच्या सर्व्हरचं नाव ऐकून घ्यायचा, क्षणभर थांबायचा आणि रजा घेऊन निघून जायचा. पत्र न देता.

मग मी स्वतःच परका सर्व्हर असल्याचं सोंग घेतलं आणि आमच्या सर्व्हरला हाक मारली. नमस्कार टाइप केला. त्यानं नाव सांगितलं. मी वाट पाहिली. पुढे काही नाही. ढिम्म. मूग गिळून बसलेला.

आणि लख्ख उजेड पडला. धाकटी जहाजावरची डॉक्टर. रोग्यांची माहिती कंपनीच्या मेलमधून जा-ये करणार. त्यांचा सर्व्हर शिस्तीचा असणार. समोरचा कुलूप आहे म्हणाला नाही, तर तो एक कागद हातात देणार नाही. आणि आमच्या गाढवाकडे कुलूप असून तो ठरावाप्रमाणे सभ्यपणे गप्प! पोरगी तिकडे लिहितेय, बाप इकडे बटण धरून बसलाय, आणि मध्ये आमची कार्यकारिणी.

मी ती ओळ परत चालू केली. ठराव गेला खड्ड्यात. दार उघडून बाहेर आलो तर समोर जिन्यात अध्यक्ष. माझ्या पोटात काही राहत नाही. मी म्हणालो, "साहेब, मी ठराव मोडलाय. कुलूप आहे असं तो आता सगळ्यांना ओरडून सांगणार."

"कार्यकारिणीला न विचारता?" ते मागे वळून बघून म्हणाले.

"हो. का मोडला ते दाखवायचंय तुम्हाला. चला वर."

मी त्यांना जवळजवळ ओढतच सासरेबुवांच्या खोलीत आणलं. सासरेबुवा खिडकीशी बसले होते, मांडीवर निळं पान, त्यावर बटण. अध्यक्षांनी विचारलं, "हे काय?"

"माझी धाकटी," सासरेबुवा म्हणाले.

अध्यक्ष खाली बसले. बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले. "आता कुठे असेल जहाज?"

"ते नाही सांगता यायचं. पत्रातून कळतं ते."

अध्यक्षांनी बोटानं निळं पान सरळ केलं. त्यांचाही मुलगा दूर असतो, हे मला माहीत होतं, पण त्याच्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ओळ राहू द्या. माझ्या म्हणण्याचा अर्थ मुळात हाच होता. इतिवृत्त मी बघतो." मूळ अर्थ हाच होता असं म्हणायला केवढी छाती लागते! पण मला त्या क्षणी अध्यक्षांबद्दल फार जिव्हाळा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर घरात आरडाओरडा. एक पत्र सकाळीच आलं होतं, आणि परत गेलेली सगळी मागची पत्रंही धाकटीनं दुपारपासून पुन्हा धाडली होती. सासरेबुवा एका पाठोपाठ एक वाचत होते, बटण नुसतं पळत होतं, या बंदरातून त्या बंदरात, मध्येच उलटं, कारण पत्रं क्रमानं आली नव्हती. बायको डोळे पुसत हसत होती. मला बघून म्हणाली, "या, या! चहा टाकते." बेलचा विषय काढला नाही. माझ्या संसारातला तो मोठाच सन्मान समजतो मी.

मग धाकटीचा फोन आला. जहाज बंदराला लागलं होतं. तिनं आधी मलाच मागितलं.

"भाऊजी, जमलं एकदाचं! मी बाबांना तेव्हाच म्हटलं होतं, की तुमचा सर्व्हर कुलपाचं नावच काढत नाही म्हणून आमचा पत्रं परत फिरवतोय, तेवढं भाऊजींना सांगा."

"तेव्हाच? म्हणजे कधी?"

"मागच्या बंदरातून फोन केला होता ना! तुमची ती मोठी सभा होती, त्या संध्याकाळी. बाबा म्हणाले, आज नको, त्यांचा चेहरा फार उतरलाय. आणि नंतरही नको, शोधतायत ते, सापडेल त्यांचं त्यांना. आणि मला दम दिला, की तूही बोलायचं नाहीस. म्हणाले, पत्रं काय, थांबतील थोडी."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि सासरेबुवांच्या समोर जाऊन बसलो. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. गरज नव्हती, चष्मा स्वच्छ होता.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"एवढे दिवस? पत्राशिवाय बसलात, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" सासरेबुवा म्हणाले.

डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटलं म्हणून मी उगाच नकाशाकडे बघितलं. मग म्हणालो, "बरं, आता विचारतो. आणखी काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही हो."

"बाबा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. "उशी जरा उंच होते. मान धरते. आणि रविवारी तुम्ही करता तो चहा... म्हणजे तुम्ही करता हेच खूप आहे. आणि तो रेडिओ. माझ्यासाठी म्हणून तुम्ही एवढा मोठा लावता ना, मला ऐकू चांगलं येतं. सगळंच ऐकू येतं."

"बरं. आणखी?"

ते बटण बोटानं उगाच इकडे तिकडे करत राहिले.

"संध्याकाळी फिरायला एकट्याला कंटाळा येतो," ते म्हणाले.

मी उठलो आणि चपला शोधू लागलो.